रंग दिले की संपतात

दोष भाऊसाहेब निगुडकरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी 'दोन्ही बाजू ऐकाव्यात' वगैरे सुरू करायला नको. आमच्या घरात वडीलधाऱ्यांबद्दल असं तोंड उघडून बोलत नाहीत. म्हणून तर लिहितोय.

भाऊसाहेब म्हणजे मल्हारगंजातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. मी तिथे एक वर्ष ड्रॉइंग शिकवलं. एकच वर्ष! पण मित्रांत बसून एक किस्सा काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि चहा गार. शाळेचं हे असंच असतं यार. पोरं रोज काहीतरी नवीन करतात आणि मोठी माणसं रोज तेच करतात. दोघांची टक्कर झाली की किस्सा. आमच्याकडे टक्कर पिरियडगणिक व्हायची.

माझी नेमणूक टेम्पररी होती. वर्षाअखेर पक्की ऑर्डर मिळाली तर मी ड्रॉइंगमास्तर. नाही मिळाली तर देपालपूरच्या तहसिलीत कारकून. ती जागा काकांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती, मोटारीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात तशी. आर्ट स्कूल मी दुसऱ्या वर्षात सोडलेलं, हातात डिप्लोमा नाही; ही शाळा सोडली तर इंदूरभर कुणी मला रंगाच्या जवळ उभं करणार नव्हतं. आमचे नाना, म्हणजे वडील, रोज जेवताना विचारायचे, "ऑर्डर?"

"अजून नाही."

"देपालपूरला हवा चांगली आहे," असं म्हणून ते ताक मागायचे.

* * *

इंटरव्ह्यूला दोघं होते. भाऊसाहेब आणि सोवनीबाई. सोवनीबाई पहिलीला शिकवायच्या, आणि भाऊसाहेब जे म्हणतील त्यावर मान हलवायच्या. दुसरं काम त्या जास्त मन लावून करायच्या.

"आर्ट स्कूल का सोडलंत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"प्रिन्सिपॉलसाहेबांशी पटलं नाही."

"कशावरून?"

"नाकावरून."

खरंच नाकावरून! तिथे प्लास्टरचा एक पुतळा होता, त्याचं नाक फुटलेलं. मी फुटकंच काढलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, पूर्ण काढ. मी म्हटलं, आधी तुम्ही पूर्ण आणा.

हे ऐकून भाऊसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. सोवनीबाईंनीही पाडली. "फळ्यावर वाटोळं काढून दाखवा. नुसत्या हाताने."

मी एका दमात काढलं. भाऊसाहेब उठले, कोपऱ्यातल्या माठावरचं पितळी झाकण उचललं, फळ्यावर टेकवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून कडेकडेने बघत गेले. "इथे बोटभर बाहेर गेलंय."

"झाकण चेपलंय," मी म्हटलं.

सोवनीबाईंनी झाकण हातात घेऊन उजेडाकडे धरलं. चेपलेलं होतं! त्यांनी मान हलवली आणि मग हलवली म्हणून घाबरल्या.

"उद्यापासून या," भाऊसाहेब म्हणाले.

मी छाती काढून बाहेर आलो. दाराशी मांगीलाल चपराशी बिडी कानावर ठेवून बसला होता. म्हणाला, "जादा फूलो मत माट्साब. दूसरी अरजी ज नी अई थी." म्हणजे अर्ज आलेला तो माझा एकट्याचाच!

* * *

शाळेत रंग होते. चांगले, विलायती, पेट्यांमध्ये. पेट्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली भाऊसाहेबांच्या जानव्याला.

दरबारच्या नोकरीत त्यांना म्हणे शिस्त लागलेली, किल्ली अंगावेगळी करायची नाही. त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे आधी कोटाची बटणं, मग सदऱ्याची बटणं, आणि मग भाऊसाहेबांनी कपाटाला मिठी मारून उभं राहायचं. जानवं तेवढंच लांब! हा सोहळा वर्षातून एकदा, दसऱ्याला व्हायचा. पेट्या बाहेर काढायच्या, फुलं वाहायची, परत आत.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, हे रंग पोरांसाठीच आहेत ना?"

"आहेत की."

"मग द्या."

"अहो, रंग दिले की संपतात!"

पेट्या संस्थानाच्या काळात आल्या होत्या. संस्थान संपलं, रंग संपले नव्हते.

मग मी पोरांना सांगितलं, घरात जे जे रंगीत असेल ते पुड्यांत बांधून आणा. दुसऱ्या दिवशी हळद आली, गेरू आला, नीळ आली, विटकरीचा चुरा आला, एकाने तर पालकाची जुडीच आणली. त्या दिवशी सूर्यास्त काढले आम्ही. असे लालभडक सूर्यास्त इंदूरने पाहिले नसतील!

दोन दिवसांनी कुसुमची आई शाळेत हजर. कुसुम म्हणजे तिसरीतली, पुढच्या बाकावरची, दोन शेंड्यांची. बाई संतापलेल्या.

"मास्तर, तुमच्या सूर्यास्तात माझा करंडा रिकामा झाला! सकाळी सासूबाईंच्या समोर कोऱ्या कपाळाने गेले मी! त्या मटकन खालीच बसल्या!"

"चूक झाली, वहिनी."

"चूक नाही तर काय! पुढच्या वेळी दुपार काढायला सांगा."

* * *

माझ्या आधी शाळेत ड्रॉइंग म्हणजे आंबा. पहिलीत आंबा, दुसरीत आंब्याला पान, तिसरीत आंब्यावर पोपट. चौथीत पोपट उडून जायचा आणि पोरगं पास व्हायचं. पोरं डोळे मिटून आंबा काढत. मी खरंच डोळे मिटायला लावून बघितलं, काही फरक पडला नाही.

थंडीचे दिवस होते, म्हणून मी सराफ्यातल्या खाऊच्या गाडीवरून एक कच्चा गराडू आणला. आपल्याकडे तळून, मसाला लिंबू मारून खातात तो कंद. वेडावाकडा, केसाळ, कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते त्याचं त्याला माहीत. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "काढा."

पोरं बावरली. "माट्साब, याचं कसं काढतात?"

"दिसतं तसं."

"पण याचं शिकवलंच नाही!"

"म्हणूनच."

अर्धा तास वर्गात आवाज नाही. शेवटी चित्रं गोळा केली तर दोन सारखी निघेनात. खिडकीकडच्यांचा गराडू लांबोडा, दाराकडच्यांचा गोलटा, मागच्या बाकाचा नुसता डोंगर. मी एकदम खुश! चित्रं घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळी टेबलावर पसरली, आणि बराच वेळ बघून विचारलं, "यात बरोबर कोणतं?"

"सगळी."

"सगळी बरोबर? मग नंबर कसे काढायचे?"

सोवनीबाईंनी मान हलवली.

"सोमवारपासून आंबा," भाऊसाहेब म्हणाले.

तेवढ्यात मांगीलालने दारातून डोकं आत घातलं. "माट्साब, इको काम वई ग्यो के? तो लई जऊं?"

मी म्हटलं, ने बाबा. संध्याकाळी शाळा सुटताना भाऊसाहेबांच्या ऑफिसातून लिंबाचा आणि तळलेल्या मसाल्याचा वास येत होता. बरोबर गराडू कोणता ते शेवटी त्यांना सापडलं असावं.

* * *

कृष्णपुऱ्याला नदीकाठी छत्र्या आहेत, राजघराण्यातल्या मोठमोठ्यांच्या समाध्या. तिसरीच्या पोरांना मी तिथे घेऊन गेलो. म्हटलं, बसा कुठेही, काढा काहीही.

तिथे सावलीला एक पेन्शनर सुभेदार रोज बसलेले असत. मिशा अशा की आधी मिशा दिसायच्या, मग सुभेदार. पोरं चित्रं काढताहेत म्हणून ते कौतुकाने उठून एकेकाच्या मागे उभे राहू लागले. फिरत फिरत बंड्याजवळ आले आणि जागीच थांबले. बंड्याच्या कागदावर कागदभर म्हैस बसली होती. आणि तिच्या पाठीवर, बाळाचं टोपडं ठेवावं तशी, एवढुशी छत्री.

"अरे नालायका! सरकारांच्या छत्रीपेक्षा म्हैस मोठी?"

बंड्याने मान वर केली. "म्हैस जवळ आहे ना आजोबा. छत्री लांब आहे."

"लांब असली म्हणून काय झालं? मान नावाची काही चीज आहे की नाही?"

"तुम्ही पण जवळ बसा. तुम्हाला पण मोठं काढतो."

सुभेदार तसेच काठी टेकत थेट शाळेत! दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्याबरोबर भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर हुकूम सुनावला. यापुढे निसर्गचित्रण वर्गाच्या आतच होईल. आणि आकार ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे द्यावा.

बंड्याने हात वर केला. "माट्साब, म्हशीला मान किती?"

* * *

आपल्या मध्यभारताची राजधानी वर्षातले काही महिने इंदूरला असते आणि बाकीचे ग्वाल्हेरला. इंदूरवाले आणि ग्वाल्हेरवाले दोघंही रुसू नयेत म्हणून मोठ्या माणसांनी काढलेली ही शक्कल. राजधानी निघाली की तिच्याबरोबर फायली निघतात, साहेब निघतात, साहेबांचे कारकून निघतात आणि कारकुनांच्या लोणच्याच्या बरण्या निघतात.

मी ब्रश मागितले तेव्हा राजधानी नेमकी निघायच्या बेतात होती. खात्यात विचारायला गेलो तर, "फाइल ग्वाल्हेरला गेली." राजधानी परत आल्यावर गेलो तर, "फाइल आली, पण साहेब तिकडेच राहिले." मग साहेब आले तर बरणी फुटून फाइलीला तेल लागलेलं! शेवटी एक दिवस बैलगाडीतून खोकं आलं. पोरं नाचायला लागली. मी खिळे उपटून झाकण काढलं.

भिंतीला चुना मारायचे ब्रश. एकेक मांजराएवढा.

"भाऊसाहेब, हे परत पाठवायला हवेत."

"का म्हणून? ब्रश मागितले, ब्रश आले."

"पण याने पोरांनी काढायचं काय?"

"हत्ती!" मागून बंड्या ओरडला.

परत पाठवले असते तर ते राजधानीमागे फिरत बसले असते. म्हणून मांगीलालने चुना कालवला आणि आम्ही शाळेची मागची भिंत पांढरी करून काढली. पोरं चुन्याने माखली, घरी जाऊन मार खाल्ला, पण भिंत काय झकास झाली! भाऊसाहेब मागे हात बांधून भिंतीपुढून दोनदा फिरले. मग सोवनीबाईंना म्हणाले, "मुलगा उपयोगाचा आहे."

रात्री जेवताना नानांनी विचारलं, "ऑर्डर?"

"भाऊसाहेब म्हणाले, मुलगा उपयोगाचा आहे. आज भिंत रंगवली."

नानांनी भात कालवला. मग म्हणाले, "देपालपूरच्या तहसिलीच्या भिंती फार कळकट आहेत."

* * *

इन्स्पेक्टर यायच्या आधी आमच्या शाळेत 'हात फिरवायची' पद्धत होती. म्हणजे पोरांची चित्रं प्रदर्शनात लावायच्या आधी मोठ्या माणसांनी ती नीट करायची. शाळा सुटली की भाऊसाहेब आणि सोवनीबाई पेन्सिली टोकदार करून बसत. भाऊसाहेबांकडे जनावरं आणि इमारती, बाईंकडे माणसं. भाऊसाहेब गाईंना चौथा पाय लावत आणि घरं सरळ करत. बाई चेहरे काढत. त्यांना एकच चेहरा येत होता, तो त्या सगळ्यांना देत.

मी भांडलो. "हे पोरांचं आहे. याला हात लावू नका."

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "अहो, पाहुणे यायचे असले की पोराचं तोंड आपण पुसतोच ना? तसंच हे."

"तोंड पुसता. नाक बदलत नाही."

"तुमचं नाकाशी काय वैर आहे हो?" असं म्हणून त्यांनी एका उंटाची मान सरळ केली.

इन्स्पेक्टर आले. प्रदर्शन बघत बघत कुसुमच्या चित्रापाशी थांबले. चुलीपुढे बसलेली आई, बाजूला तवा, तव्यावर फुगलेली पोळी.

"वा! ही तुझी आई का ग?"

कुसुमने चित्राकडे बघितलं. मग सोवनीबाईंकडे. मग परत चित्राकडे.

"आधी आई होती," ती म्हणाली. "मग बाई आल्या."

इन्स्पेक्टर एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. जाताना शेरा लिहून गेले, चित्रकला उत्तम. मला वाटलं, झालं काम. भाऊसाहेबांनी शेरा दोनदा वाचला आणि म्हणाले, "बघितलंत? हात फिरवला म्हणून!"

* * *

शेरा चांगला आला, तेव्हा ठरलं असं की वार्षिक समारंभाला मंत्रीजी येतील आणि त्यांच्याच हातून मला पक्की ऑर्डर मिळेल. नानांना सांगितलं तर ते त्या दिवशी देपालपूरबद्दल काही बोलले नाहीत. नुसतं ताक मागितलं.

समारंभाच्या आठवडाभर आधी भाऊसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. कोटाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "ऑर्डर टाइप होऊन आली आहे. फक्त त्याआधी एक छोटंसं काम."

शाळेच्या हॉलमध्ये एक मोठं तैलचित्र होतं. सरदार आबासाहेबांचं. शाळेला जागा त्यांनी दिली. डोक्यावर लाल पगडी, अंगात अंगरखा, उजवा हात कमरेच्या तलवारीच्या मुठीवर. संस्थान मध्यभारतात विलीन झालं तसे आबासाहेब रागावून काशीला जाऊन राहिले होते, ते परत आले नव्हते.

"दिवस बदललेत," भाऊसाहेब म्हणाले. "मंत्रीजींच्या डोळ्यांवर ही पगडी येणं बरं नाही. जरा हात फिरवा."

"म्हणजे काय करू?"

"पगडीची टोपी करा. पांढरी."

"अंगरखा?"

"खादीचा सदरा."

"आणि तलवार?"

भाऊसाहेब विचारात पडले. खिडकीबाहेर बघितलं, छताकडे बघितलं. "तिची टकळी होईल का?"

मी त्यांच्या खिशाकडे बघितलं. "होईल," म्हटलं.

आणि भिया, त्या दिवशी कपाट उघडलं! भाऊसाहेबांनी स्वतः बटणं सोडून, कपाटाला मिठी मारून, पांढऱ्या रंगाची अख्खी ट्यूब माझ्या हातावर ठेवली. मी पण मन लावून काम केलं, खोटं कशाला बोलू. टोपी अशी बसली की आबासाहेब जन्मले तेच टोपी घालून, असं वाटावं. मुठीवरच्या बोटांतून टकळीचा धागा पण काढला, बारीक. भाऊसाहेब लांबून बघून म्हणाले, "आता कसे देशभक्त दिसतात!"

समारंभाच्या दिवशी पताका, रांगोळ्या, बँड. मंत्रीजींची गाडी आली. हे मंत्रीजी पूर्वीचे दरबारचे मानकरी. दसऱ्याच्या सवारीत लाल पगडी घालून, आबासाहेबांच्या मागोमाग चालताना अख्ख्या इंदूरने त्यांना बघितलेलं. आता पांढरी टोपी. कडक इस्त्रीची. ते उतरले, वळले आणि गाडीतून हात धरून आणखी एका म्हाताऱ्या माणसाला खाली उतरवलं.

लाल पगडी. अंगरखा. कमरेला तलवार.

नातवाच्या मुंजीसाठी आबासाहेब काशीहून आले होते, आणि मंत्रीजींनी त्यांना मानाने बरोबर आणलं होतं! भाऊसाहेब हातातला हार घेऊन पुढे धावले. तो त्यांनी कुणाच्या गळ्यात घातला ते त्यांनाही कळलं नसेल. मांगीलालच्या गळ्यात घातला.

आबासाहेब काठी टेकत हॉलमध्ये आले आणि चित्राखाली उभे राहिले.

"निगुडकर, हे कोण?"

"आपणच, सरकार."

"मी?"

"हो सरकार."

"हातात काय आहे?"

"टकळी, सरकार."

"मी सूत कधी कातलं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे नवीन ड्रॉइंगमास्तर. तरुण आहेत. उत्साहाच्या भरात, स्वतःच्याच मनाने..."

सोवनीबाईंनी मान हलवली.

तोंडावर आलं होतं माझ्या! पण भाऊसाहेबांच्या खिशातून ऑर्डरच्या पाकिटाचं टोक बाहेर दिसत होतं. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसापुढे गप्प बसलो.

"तू काढलीस का टोपी?" आबासाहेबांनी मला विचारलं.

"हो."

ते चित्राच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतक्या जवळ. काठीच्या टोकाने टोपीची कड दाखवत म्हणाले, "बेमालूम आहे. खालची पगडी कुठे म्हणून दिसत नाही."

मग सावकाश मागे वळले. मंत्रीजींसमोर उभे राहिले. चित्राकडे बघितलं होतं तसंच, डोळे बारीक करून, त्यांच्या डोक्याकडे बघितलं, आणि घरच्या माणसाला विचारावं तशा मायेने म्हणाले,

"आणि काय रे बापू, तुझी कुणी काढून दिली?"

कुणी हललं नाही. भाऊसाहेब नाही, मंत्रीजी नाही, बँडवाले नाही. त्या भरल्या हॉलमध्ये एकच माणूस हसला. पोट धरून, मोठ्याने, थांबता येईना इतका. तो मी.

ऑर्डर भाऊसाहेबांच्या खिशातच राहिली. जूनपासून मी देपालपूरच्या तहसिलीत कारकून आहे.